बायकांचं थोडं कमीच असतं

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत माझं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. आकडा ठळक छापलेला, त्याच्यापुढे खाली तोंड केलेला बाण. हा बाण माझ्या जुन्या ओळखीचा. गेली कित्येक वर्षं कुठल्याही कारणाने रक्त तपासलं की तो असायचाच, कधी ९.८ पुढे, कधी १०.२ पुढे. आणि दर वेळी कुणीतरी, बहुतेकदा गळ्यात स्टेथोस्कोप असलेलंच कुणीतरी, म्हणायचं, ‘बायकांचं थोडं कमीच असतं.’ मग एक गोळी लिहून मिळायची, गोळीने पोट बिघडायचं आणि विषय तिथेच राहायचा.

या वेळी रिपोर्ट भूलतज्ज्ञ बाईंच्या हातात पडला. त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि विचारलं, "जिना चढताना दम लागतो?"

"लागतो. पण वयही झालंय आता."

"बर्फ खावासा वाटतो का हो?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. फ्रीजमधल्या ट्रेतले तुकडे कडाकडा फोडत बसायची माझी सवय घरात चेष्टेचा विषय झाली होती, पण ती डॉक्टरांच्या कामाची असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शरीरातलं लोह संपलं की काही जणांना अशी विचित्र ओढ लागते, बर्फाची, मातीची, खडूची. बर्फाची तर अगदी ठरलेली. बाईंनी कागदावर ‘फेरिटिन’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, "हे करून घ्या. आणि तारीख महिनाभर पुढे घेऊ. घाई नाहीये ना तशी?"

घाई सर्जनना होती. "दोन पिशव्या रक्त तयार ठेवू, काय त्यात!" असं ते फोनवर म्हणाले ते मला टेबलाच्या अलीकडेही ऐकू आलं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय: रक्त कमी, तर रक्त द्या. माझा आजारही काही फार गूढ नव्हता. गर्भाशयात गाठी, त्यामुळे पाळीत अतोनात रक्त जायचं, म्हणून गर्भाशय काढायचं. ज्या रक्तस्रावासाठी ऑपरेशन ठरलं होतं, त्यानेच मला ऑपरेशनपुरतं नापास करून ठेवलं होतं.

या गळतीचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला, कारण मला हिशेब आवडतात. चांगल्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. म्हणजे अगदी त्या सीमेवर उभ्या असलेल्या बाईचंही महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह जातं. आता जमेची बाजू. आतडं अन्नातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह आत घेतं, आणि त्यातलं मिलिग्रॅमभर त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर असंच निघून जातं. शरीर हुशारीने शोषण थोडं वाढवतं, पण महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं ही वजाबाकी चालू राहिली की कधीतरी शिल्लक शून्यावर येणारच. माझी गळती तर सीमेच्या पुष्कळ पलीकडे गेलेली.

फेरिटिन आलं ६. ज्यांनी हा आकडा कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: तो ३० च्या खाली असला की शरीरातला लोहाचा साठा रिकामा समजतात. अंगात जळजळ किंवा जुनं दुखणं असेल तर फेरिटिन उगाचच फुगतं, तेव्हा १०० पर्यंतचा आकडाही संशयास्पद धरतात आणि त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिनचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे, ते बघतात; ते २० टक्क्यांच्या खाली असलं की लोह कमी पडतंय. हिमोग्लोबिन हा नळ आहे आणि फेरिटिन ही गच्चीवरची टाकी. टाकी तळाला जाईपर्यंत नळाला पाणी अगदी नेहमीसारखं येतं. आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. नळाची धार बारीक होते तेव्हा वर काहीच उरलेलं नसतं. आणि आपण सगळे, डॉक्टर धरून, आयुष्यभर नळच बघत बसतो.

आता त्या दोन पिशव्यांबद्दल. एक पिशवी रक्ताने हिमोग्लोबिन साधारण एका अंकाने वाढतं, आणि तिच्यात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. रक्त वाहत असेल, जीव धोक्यात असेल, तर त्याला पर्याय नाही. पण कुणाच्या तरी दंडातून आलेलं ते रक्त म्हणजे एक छोटं प्रत्यारोपणच. त्याची प्रतिक्रिया येऊ शकते, वयस्कर हृदयावर जादा द्रवाचा भार येऊ शकतो. ‘थोडं चढवून घेतलेलं बरं’ ही समजूत तर १९९९ सालीच मोडीत निघाली. कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली: अर्ध्यांना हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त, उरलेल्यांना ७ च्या खाली गेलं तरच. हात आखडता घेतलेला गट कुठेही मागे पडला नाही. त्यानंतर जगभर ‘रुग्णाचं स्वतःचं रक्त सांभाळा’ असा विचार रुजत गेला, २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने तसा ठरावही केला. आधी पांडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं, बरा करा, ऑपरेशनमध्ये रक्त कमी सांडा, आणि कमी रक्तावर शरीर किती तग धरतं ते बघून मगच पिशवीकडे वळा, एवढाच त्याचा गाभा.

"मग गोळ्या नाही का चालणार?" हा माझा प्रश्न. सुयांचा कंटाळा आलेल्या बाईचा.

गोळ्या चालतात. वेळ असेल, पोट साथ देत असेल, तर गोळ्याच आधी द्याव्यात असं बहुतेक डॉक्टर सांगतात. पण गोळीच्या वाटेत यकृत आडवं येतं. या शतकाच्या सुरुवातीला हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक सापडलं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं, यकृतात बनणारं. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात उतरायला फेरोपोर्टिन नावाचं एकच दार आहे, आणि हेप्सिडिन ते दार बंद करतं. जास्त लोह अंगात साठणं घातक असतं, म्हणून ही सोय. मोठ्या ताकदीची आयर्नची गोळी घेतली की पुढच्या चोवीस तासांत हेप्सिडिन चढतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह दाराशीच अडतं. न शोषलेलं लोह आतड्यात पडून राहतं: मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शौच. गोळी दिवसाआड घेतली तर त्यातलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं हे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांतून पुढे आलंय. मला मात्र आजवर कायम ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ असंच सांगितलं गेलं होतं. शिवाय अंगात कुठे सूज, जंतुसंसर्ग, कॅन्सर, संधिवात असलं तर हेप्सिडिन आधीच चढलेलं असतं, दार बंदच. अशा वेळी गोळ्यांचा डबा संपतो आणि फेरिटिन ढिम्म.

शिरेतून दिलेलं लोह हे दार टाळून जातं. एवढंच त्याचं रहस्य. पण सुटं लोह रक्तात सोडणं म्हणजे विषप्रयोग, त्यामुळे लोहाचा गाभा साखरेसारख्या कर्बोदकाच्या आवरणात गुंडाळावा लागतो. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, आवरण फोडतात आणि लोह लागेल तसं सोडतात. १९५० च्या दशकात आलेलं आवरण डेक्स्ट्रानचं होतं. त्यातल्या जड रेणूंच्या प्रकाराने काहींना जीवघेण्या अॅलर्जी झाल्या, आणि ‘आयर्नचं इंजेक्शन’ म्हटलं की जुन्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटायला लागली. ते औषध मागे पडलं, आठी मात्र राहिली. पुढे आयर्न सुक्रोज आलं, जे एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच देता येतं आणि माणसाला हेलपाटे घालायला लावतं. मग फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, फेरिक डेरिसोमाल्टोज अशी औषधं आली, ज्यांत एका बैठकीत एक ग्रॅमपर्यंत लोह जातं. ऑपरेशनची तारीख डोक्यावर असलेल्या माणसासाठी फरक या एका बैठकीचा आहे.

किती द्यायचं याचं गणित बाईंनी माझ्यासमोरच मांडलं. गान्झोनी यांनी १९७० मध्ये दिलेलं सूत्र: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. माझं वजन ५६ किलो, १५ पर्यंतची तूट ६.६. उत्तर १३८७ मिलिग्रॅम. म्हणजे दीड ग्रॅमसुद्धा नाही! निरोगी मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगातच ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, एखाद-दोन खिळ्यांएवढं. आणि माझ्यातलं त्यातलं जवळपास दीड ग्रॅम वर्षानुवर्षं बाणाखाली दबून बेपत्ता होतं, तेही सगळ्यांच्या देखत. दोन पिशव्या रक्ताने त्यातलं फार तर ५०० भरलं असतं.

पहिली सलाईन लागली तो दिवस तसा कंटाळवाणाच होता, पण दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक म्हणजे सिस्टरने सुई लावल्यावर औषधाआधी साधं सलाईन सोडून शिरेवर बोट फिरवत बराच वेळ पाहिलं. "हात वाकवू नका. इथे फुगल्यासारखं, ताठल्यासारखं काहीही वाटलं की लगेच हाक मारा. हे शिरेच्या बाहेर गेलं तर तपकिरी डाग पडतो, आणि तो जात नाही." औषध खरोखरच गडद तपकिरी होतं. नळीतून ते खाली सरकताना मी हात दगडासारखा ठेवला. पंधरा-वीस मिनिटांत पिशवी रिकामी झाली. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं. तो नियम आहे.

दुसरी गोष्ट शेजारच्या खुर्चीत घडली. तिथल्या तरुण मुलीचा चेहरा एकदम लाल झाला, तिने छातीवर हात दाबला, पाठीत आवळतंय म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. सिस्टरने मात्र शांतपणे सलाईन बंद केली, रक्तदाब पाहिला, ओठ-घसा पाहिला, अंगावर पित्त उठलंय का ते पाहिलं, आणि तिच्याशेजारी नुसती उभी राहिली. थोड्या वेळात सगळं ओसरलं. मग तीच पिशवी हळू गतीने पुन्हा सुरू केली आणि काही झालं नाही. याला फिशबेन प्रतिक्रिया म्हणतात. ती अॅलर्जी नव्हे, आपोआप जाते. घाबरून अशा वेळी अॅलर्जीची इंजेक्शनं मारली तर रक्तदाब पडून प्रकरण उलट चिघळू शकतं. खरी तीव्र अॅलर्जी अगदी क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून हे औषध सगळी तयारी असलेल्या ठिकाणीच घ्यायचं. पूर्वी आधी थेंबभर देऊन बघायची पद्धत होती. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये ती सोडून द्यायला सांगितलं, कारण थेंब पचला म्हणून पिशवी पचेलच याची हमी त्यातून मिळत नव्हती. चालू जंतुसंसर्गात आणि गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे औषध टाळतात. कार्बोक्सिमाल्टोजने काहींचं रक्तातलं फॉस्फेट उतरतं, त्यामुळे वारंवार घेणाऱ्यांनी अंगदुखी आणि नवा थकवा अंगावर काढू नये.

उरलेला डोस आठवड्याने झाला. बर्फाची ओढ सगळ्यात आधी गेली, हिमोग्लोबिन हलायच्याही आधी. एका संध्याकाळी फ्रीजर उघडून मी ट्रेकडे नुसतं बघितलं आणि तो बंद केला. आकडा मात्र आपल्या गतीनेच चढतो. अस्थिमज्जा सेकंदाला वीस लाखांवर लाल पेशी बनवते, तरी कच्चा माल मिळाल्यावर तिला तयारीला आठवडा लागतो, आणि हिमोग्लोबिन अंक-दोन अंक चढायला दोन ते चार आठवडे. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात लोह देणं म्हणजे त्या ऑपरेशनपुरतं तरी उशीर झालेलाच.

इथे मला एक अडचणीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती न सांगता हा लेख जाहिरात होईल. ब्रिटनमधल्या ४६ रुग्णालयांत प्रिव्हेंट नावाची चाचणी झाली आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी १० ते ४२ दिवस, ४८७ पांडुरोगी रुग्णांपैकी निम्म्यांना शिरेतून एक ग्रॅम लोह, निम्म्यांना नुसतं सलाईन. रक्त चढवावं लागणं किंवा मृत्यू, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही: २९ आणि २८ टक्के. ज्यांनी या उपचारावर आशा बांधली होती त्यांना हा चांगलाच दणका होता. त्यावर आक्षेपही आले. रुग्ण निवडताना पांडुरोग पाहिला होता, लोहाची कमतरता आहे की नाही हे नव्हे. आणि बऱ्याच जणांना हाती आलेला वेळ फार थोडा होता. आक्षेप मला पटतात. पण खरं सांगायचं तर मला त्या निकालाचा दुसरा भागच जास्त बोलका वाटतो. ऑपरेशननंतर आठ आठवड्यांनी लोह मिळालेल्यांचं हिमोग्लोबिन दुसऱ्या गटापेक्षा एका अंकाने वर होतं, सहा महिन्यांनीही वरच होतं, आणि पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी दिसलं.

म्हणजे लोह ऑपरेशनला फारसं उपयोगी पडलं नसेल. माणसाला पडलं. आपण मोजमाप ऑपरेशनच्या टेबलावर लावलं होतं, कारण पांडुरोगाची दखलच मुळी टेबलाला अडचण झाली म्हणून घेतली गेली. जिन्यावर लागणारा दम, दुपारी चारला गळून जाणं, केसांचे पुंजके, रात्री पाय चाळवत राहणं, यांपैकी कशानेही तेवढी दखल घेतली गेली नव्हती. २०११ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास आला. त्यात ऑपरेशनला आलेल्यांपैकी साधारण ३० टक्के पांडुरोगी होते, आणि सौम्य पांडुरोगाशीही ऑपरेशननंतरच्या वाढीव मृत्यूंचा संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. पण शंभरातले तीस जण आजार घेऊनच दारात येतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या फायलीत तो आधीपासून लिहिलेला असतो.

आणि तो ‘बायकांचं थोडं कमीच’ वाला आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये पांडुरोगाची सीमा पुरुषांना १३ आणि गर्भार नसलेल्या बायकांना १२ अशी आखली, ती आजही रिपोर्टांवर छापली जाते. संप्रेरकांमुळे थोडा फरक असेलही. पण ज्या लोकसंख्येतल्या बायकांमध्ये पाळीमुळे लोहाची कमतरता घरोघरी आहे, तिथल्या बायकांची सरासरी काढून तिलाच निरोगी म्हणायचं, हा कुठला न्याय? ऑपरेशनच्या टेबलावर तर हिशेब साफ उलटतो. माझ्या अंगात सगळं मिळून साडेतीन लिटरच्या आसपास रक्त. ८० किलोच्या पुरुषात साडेपाच लिटरच्या वर. दोघांचंही ७०० मिलिलिटर गेलं तर त्याचं आठवा भाग गेलं आणि माझं पाचवा. जिच्याकडे मुळात रक्त कमी आणि जिचं तेवढ्याच जखमेत प्रमाणाने जास्त जाणार, तिलाच कमी आकड्यावर पास करायचं. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ऑपरेशनआधी बायका-पुरुष दोघांनाही १३ च धरा असं स्पष्ट सुचवलं. सूचना लेखांत आहे. प्रयोगशाळांच्या छापील रकान्यात अजून १२ च.

एक मात्र घोळ होऊ देऊ नये. लोह भरलं म्हणजे आजार सापडला असं नाही. माझी गळती कुठून होते ते माहीत होतं. पुरुषाचं, किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर आधी जठर-आतडं तपासायचं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कित्येकदा आधी असाच, फिकट चेहऱ्याने येतो. तिथे नुसत्या सलाईनने आकडा सुधारून घरी पाठवणं म्हणजे पुरावा पुसण्यासारखं.

माझं ऑपरेशन ११.२ वर झालं. १३ नाहीच गाठलं. रक्त चढवावं लागलं नाही, पण ८.४ वर झालं असतं तर लागलंच असतं असंही मला छातीठोक म्हणता येणार नाही, एका बाईवरून कसला निष्कर्ष. डिस्चार्ज कार्डावर टाके, अंघोळ, वजन न उचलणं, पुन्हा दाखवायला यायचा दिवस, सगळं होतं. हिमोग्लोबिनबद्दल एक ओळ नव्हती. सर्जनचं काम संपलं होतं, भूलतज्ज्ञांचं त्याच्याही आधी. दोन महिन्यांनी मीच सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन दाखवणारी नेहमीची रक्ततपासणी, आणि फेरिटिन करून घेतलं: १३.१ आणि ७४. तो बाण नसलेला कागद मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

तिचा लगेच फोन आला. तिनेही नुकतीच सगळ्या अंगाची तपासणी करून घेतली होती, साठ की सत्तर चाचण्यांचं पॅकेज. पाळीत पहिले तीन दिवस ती घराबाहेर पडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. "माझं हिमोग्लोबिन १२.१," ती म्हणाली, "बाण-बिण काही नाही. एकदम नॉर्मल." फेरिटिन किती, विचारलं. पानं उलटल्याचा आवाज आला. फेरिटिन त्या पॅकेजात नव्हतंच.